जखमेला शुद्धी नको, पाणी द्या

दोस्तांनो, माझ्या दोन कविता कमी वाचा, पण जखम कशी धुवायची ते आधी शिकून घ्या.

कॉईलची पोलादी पट्टी सुटून पोटरीत घुसली की चार शहाणे धावत येतात. एक तंबाखू मळून दाबतो, दुसरा चुना, तिसरा चहाची पावडर. एखादा शेणाचा लेप सांगतो, आज्जी लावायची म्हणे. ह्या थोर परंपरेच्या नानाची टांग! मातीत, शेणात धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू असतात. गंजाला लोक उगाच बदनाम करतात. घात करते ती त्याला चिकटलेली घाण.

१९२७ साली महाडला आपल्या माणसांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. मग सनातन्यांनी तळं 'शुद्ध' केलं. कशानं? शेण, गोमूत्र, दूध, दही, १०८ घागरी! कार्बोलिक अ‍ॅसिडनं जखमा सडायच्या थांबतात हे लिस्टरनं १८६७ मध्येच छापलं होतं, म्हणजे साठ वर्षं आधी. ज्यांच्या लेखी शेण शुद्ध आणि आपला हात विटाळ, त्यांच्याकडून आपण जखमेचं औषध घ्यायचं?

तर ऐका. आधी स्वतःचे हात साबणानं धुवा. रक्त वाहतंय तर स्वच्छ फडकं दहा मिनिटं घट्ट दाबा, मधेमधे उचलून बघू नका. तरी थांबत नसेल तर दाबून धरूनच दवाखाना गाठा. थांबलं की जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, पाच-दहा मिनिटं, कंटाळा न करता. साबण भोवतीच्या कातडीला. खोल रुतलेलं काही उपसायचं नाही, ते डॉक्टरचं काम. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साईड आत ओतू नका. फेस बघून मर्दानी वाटतं, पण जिवंत मांसही जळतं. वर स्वच्छ पट्टी, रोज बदलायची. लाली पसरली, पू झाला, ताप आला तर घरी बसू नका.

पण पाणी कुठाय? आमच्या धक्क्यावर नळ फर्लांगभर लांब. प्रथमोपचार पेटीला कुलूप, किल्ली सुपरवायझरच्या खिशात, सुपरवायझर जेवायला. १९४८ च्या कारखाना कायद्यानं दर १५० कामगारांमागे निदान एक पेटी, तीही कामाच्या सगळ्या वेळात हाताशी, असं लिहून ठेवलं होतं. कंत्राटी मजूर त्या दीडशेत मोजायचा की गोण्यांत?

जखम मळकट आणि धनुर्वाताची शेवटची सुई पाच वर्षांपूर्वीची असेल, तर पुन्हा टोचून घ्या. कधीच घेतली नसेल तर डॉक्टरला तसं सांगा. सुईला गेलेल्याची आमच्याकडे अर्धी हजेरी कापतात. ती उद्या मुकादमाकडून वसूल करायचीय. पेटीची किल्लीसुद्धा.