अकरा म्हणजे पाच-सहा की सहा-पाच?

यंदाच्या सुट्टीत आम्ही दोघी बहिणी मुलांसकट माहेरी जमलो. बहिणीचा थोरला इंग्लंडात शिकायला आहे. तो येताना चॉकलेटं घेऊन येईल असं आमच्या धाकटीला वाटत होतं. त्याने तिच्या हातावर एक घडी केलेला कागद ठेवला आणि म्हणाला, "चॉकलेटं आहेत, पण शोधायची."

या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. २००० सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकन सरकार जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम चूक घालत असे. यंत्र दाखवील त्या जागेत शंभरेक मीटरचा फरक पडायचा. ती चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगॉन राज्यात पोर्टलंडजवळच्या रानात एक बादली लपवली. आत वही, पेन्सिल आणि किरकोळ चीजवस्तू होत्या. जागेचे अक्षांश-रेखांश त्याने जाहीर केले. तीन दिवसांत दोघांनी ती शोधून काढली. सापडल्यावर वहीत नाव लिहायचं, काही घेतलं तर काही ठेवायचं, ही रीत तेव्हापासूनची.

त्यातला एक प्रकार कोड्याचा. त्यात जाहीर केलेली जागा खोटी असते. खरी जागा तिच्यापासून साधारण तीन किलोमीटरच्या आत असते, पण कोडं सोडवल्याशिवाय तिचे आकडे मिळत नाहीत. भाच्याने आमच्यासाठी असंच घरगुती कोडं केलं होतं. अंश आणि मिनिटं दिलेली, फक्त मिनिटांच्या दशांश चिन्हापुढचे तीन-तीन अंक झाकलेले. अक्षांशाचे क, ख, ग आणि रेखांशाचे घ, च, छ. एक ते सहा अंक, प्रत्येक एकदाच वापरायचा. क आणि ख यांची बेरीज ११. ग हा घ च्या दुप्पट. च हा घ पेक्षा एकाने मोठा.

धाकटी पाटावर बसून सोडवायला लागली. ११ म्हणजे पाच आणि सहा, ते गेले. दुप्पट म्हणजे दोन-एक किंवा चार-दोन, कारण सहा-तीन धरावेत तर सहा आधीच गेलेला. दोन-एक धरले तर च दोन येतो, पण दोन तर ग ने घेतलेला! म्हणजे ग चार, घ दोन, च तीन, आणि उरलेला एक छ चा. आम्ही स्वयंपाकघरातून ऐकत होतो. अंदाजपंचे एकही आकडा तिने भरला नाही याचं कौतुक वाटलं. मग तिच्या भावाने मोबाईलमध्ये ५६४ आणि २३१ टाकलं आणि वरात निघाली.

अब्बाही काठी घेऊन उठले होते. आम्हीच म्हटलं, "ऊन आहे, तुम्ही बसा." खरं कारण उन्हाचं नव्हतं. गेल्या वर्षी बँकेतून येताना ते रस्ता चुकले आणि दोन तासांनी भलत्याच वाडीत सापडले. तेव्हापासून त्यांना एकटं सोडत नाही, आणि सोबत न्यायचं तरी कशाला, असंही होऊ लागलंय. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते ते. ते ओटीवर परत बसले. काही बोलले नाहीत.

मोबाईलने आम्हाला शेजाऱ्यांच्या गडग्याशी नेलं. उघड्यावर मोबाईलची चूक पाचेक मीटरची असते, झाडाखाली जास्त, म्हणून सगळे चिऱ्यांच्या फटींत हात घालून पाहू लागले. इतक्यात शेजारचे काका आले. "काय हरवलंय?" त्यांनी हसत विचारलं आणि पाणी दिलं. भाच्याचा चेहरा मात्र उतरला होता. परत येताना तो सांगू लागला, २०११ साली यॉर्कशरमधल्या वेदर्बी गावात अशीच एक डबी कुणी ठेवताना कोणाला तरी दिसली. लष्कराचं बॉम्बनाशक पथक आलं आणि त्यांनी ती उडवली. "खाला, तिकडे मी एकटा असा झुडपात हात घालत नाही. दाढीवाल्याने तर नाहीच." तो हसला, आम्हाला हसू आलं नाही. जागेच्या मालकाची परवानगी, पारदर्शक डबा आणि वर ठळक नाव, हे त्या खेळाचे शहाणे दंडक आहेत. आम्ही त्यात भर घातली: आपल्याच जागेत, आणि दिवसाउजेडी.

रिकाम्या हाती ओटीवर आलो. अब्बांनी कागद मागितला. चष्मा वर-खाली केला. "बेरीज ११, बरं. पण ११ म्हणजे पाच-सहाही आणि सहा-पाचही. पाच आधी हे कोणी ठरवलं?"

सगळे गप्प. खरंच, कोणीच ठरवलं नव्हतं. मोजताना पाच आधी येतो म्हणून लिहिला होता. अब्बांनी कागद उलटला. मागे कोपऱ्यात बारीक अक्षरात एक ओळ होती: क सम आहे. वेबिल दोन्ही बाजूंनी बघायचं असतं, एवढंच ते म्हणाले.

म्हणजे ६५४. फरक ०.०९० मिनिटांचा. अक्षांशाचं एक मिनिट सुमारे १८५२ मीटर, तेव्हा आम्ही १६७ मीटर दक्षिणेला भटकत होतो. या वेळी अब्बा पुढे होते. थेट आमच्याच बागेत, जुन्या फणसाशी, चिऱ्यांच्या पायरीमागे हात घालून त्यांनी डबा काढला. चॉकलेटं उन्हाने चपटी झाली होती. आतल्या छोट्या वहीत सगळ्यांनी नावं लिहिली. अब्बांनी वेळ लिहिली, १०.४०, आणि खाली: प्रवासी ६.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर ते जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काहीतरी मांडत बसले होते. मग रिकामा डबा उचलला, काठी घेतली आणि म्हणाले, "मी लपवून येतो. कोणी मागे यायचं नाही."

आम्ही अडवलं नाही. फाटकापाशी उभ्या राहिलो. अर्ध्या तासाने मुलाला म्हटलं, जरा बघून ये. तो चप्पल घालत होता तेवढ्यात वळणावर काठी दिसली.