संगणकाचा जन्मदाखला कितपत पुरेसा?

वाण्याच्या दुकानातील लोखंडी वजन कधी उलटे करून पाहिले आहे काय? त्याच्या खळग्यात शिसे भरलेले असते व त्या शिशावर वजनमाप निरीक्षकाचा शिक्का उठवलेला असतो. त्या शिक्क्यावर विसंबून आपण डाळ-तांदूळ घरी आणतो. निरीक्षकाजवळचे प्रमाण वजन त्याहून वरच्या प्रतीच्या वजनाशी ताडलेले असते आणि ही साखळी चढत चढत नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत पोचते. विद्यार्थी मित्रहो, विश्वासाची अशीच एक साखळी आजच्या संगणकातही असते. ती कोठे सुरू होते व कोठे संपते हे प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घेतले पाहिजे, असे माझे मत आहे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘विंडोज ११’ ही प्रणाली आली तेव्हा तिने एक अट घातली. संगणकात ‘ट्रस्टेड प्लॅटफॉर्म मॉड्यूल’, म्हणजेच टीपीएम, या सुरक्षा-चिपची २.० ही आवृत्ती असली पाहिजे. ही चिमुकली चिप संगणकाच्या मदरबोर्डवर बसवलेली असते. काही संगणकांत ती वेगळी नसून तिचे काम मुख्य प्रोसेसरच्या पोटातच चालते. या चिपजवळ किल्ल्यांची एक जोडी असते. किल्ली म्हणजे येथे एक प्रचंड संख्या समजावयाची. आरएसए पद्धतीच्या २०४८ बिटांच्या किल्लीतील मुख्य संख्या आपल्या दशमान पद्धतीत लिहिली, तर ती ६१७ अंकी भरते! जोडीतील एक किल्ली जाहीर असते. तिने कोणीही आपला निरोप कुलूपबंद करावा. दुसरी किल्ली गुप्त असते. ते कुलूप केवळ तिनेच उघडते आणि ती चिपच्या बाहेर कधी येत नाही.

चिप बनवणारा कारखाना जाहीर किल्ली एका दाखल्यात नोंदवतो, ‘ही किल्ली आम्ही तयार केलेल्या अस्सल चिपची आहे’ असे प्रमाणित करतो आणि त्याखाली आपली अंकीय सही करतो. हा झाला चिपचा जन्मदाखला. पुष्कळ चिपांमध्ये तो त्यांच्याच कायम स्मृतीत, ठरवून दिलेल्या जागी साठवलेला असतो व योग्य आज्ञा दिली की वाचता येतो. काहींच्या बाबतीत मात्र चिपची जाहीर किल्ली सांगून तो निर्मात्याच्या संगणकाकडून इंटरनेटवरून मागवावा लागतो. विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणालींत त्यासाठी तयार आज्ञा आहेत. दाखला मिळवणे मुळीच अवघड नाही.

पण दाखला मिळाला म्हणजे ओळख पटली काय? येथेच पुष्कळांची गल्लत होते. दाखल्यात गुप्त असे काहीच नसते, त्यामुळे त्याची हवी तेवढी वेळा नक्कल करता येते. परीक्षेच्या दालनात पर्यवेक्षक नुसते प्रवेशपत्र पाहून पुढे जात नाहीत, त्यावरील छायाचित्र व समोरचा चेहरा ताडून पाहतात. चिपला चेहरा नाही, म्हणून तिला प्रश्न विचारावा लागतो. तपासणारा एक यादृच्छिक संख्या निवडतो, दाखल्यातील जाहीर किल्लीने ती कुलूपबंद करतो व चिपकडे पाठवतो. ज्या चिपजवळ जोडीची गुप्त किल्ली आहे, तीच ती संख्या उघडून परत सांगू शकते. प्रत्येक वेळी संख्या नवी असल्यामुळे जुने उत्तर चोरून ठेवण्यात काही अर्थ नसतो. जी व्यवस्था नुसता दाखला वाचून ‘ओळख पटली’ असे जाहीर करते, तिने प्रवेशपत्र पाहिले, पण चेहरा पाहिलाच नाही.

आता दुसरा प्रश्न. दाखल्यावर सही कोणाची? ती बहुधा निर्मात्याच्या एका मधल्या दाखल्याच्या किल्लीने केलेली असते. त्या मधल्या दाखल्यावर मुख्य दाखल्याची सही असते. मग मुख्य दाखल्यावर कोणाची सही असते? त्याची स्वतःचीच! साखळी येथे संपते.

वजनांच्या साखळीशी याची तुलना करून पाहा. १८८९ पासून ती साखळी पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या एका दंडगोलाशी जाऊन थांबत असे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर आधारलेली आहे, म्हणजे साखळीचे टोक आता निसर्गाच्या नियमात रोवलेले आहे. चिपच्या साखळीचे टोक मात्र एका कंपनीच्या शब्दात आहे. तो शब्द खोटा असतो असे मी म्हणत नाही. पण तो माणसांचा शब्द आहे आणि माणसे चुकतात, हे विसरून चालणार नाही.

२०१७ साली याचे प्रत्यंतर आले. झेक प्रजासत्ताकातील ब्रनो शहरी असलेल्या मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले की, इन्फिनिऑन या कंपनीच्या अनेक चिपांमध्ये आरएसए किल्ल्या तयार करण्याच्या रीतीतच दोष आहे. अशी किल्ली दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारातून बनते. त्या मूळ संख्या झटपट मिळाव्यात म्हणून एका ठरावीक साच्यातून काढल्या जात होत्या. त्यामुळे जाहीर किल्लीवरून गुप्त किल्ली शोधून काढणे अपेक्षेपेक्षा कितीतरी सोपे झाले होते. टीपीएम चिपांनाही हा दोष भोवला. एस्टोनिया देशात तर सुमारे साडेसात लाख नागरिकांच्या ओळखपत्रांत अशाच चिपा निघाल्या आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांची प्रमाणपत्रे स्थगित करावी लागली. लक्षात घ्या, चिपा अस्सल होत्या, सह्या अस्सल होत्या आणि ही उत्पादने मान्यवर सुरक्षा-तपासण्यांतून उत्तीर्णही झालेली होती. चिप कोणी बनवली हे दाखला सांगतो. ती बिनचूक काम करते की नाही, हे तो सांगू शकत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या खाजगीपणाची. जन्मदाखला हा चिपसाठी कायमचा असतो. तो प्रत्येक दारी दाखवला, तर हा संगणक कोठे कोठे जाऊन आला याची नोंद कोणालाही जुळवता येईल. १९९९ साली पेंटियम-३ प्रोसेसरमध्ये प्रत्येकी वेगळा क्रमांक दिला गेला तेव्हा याच भीतीने मोठा विरोध झाला व पुढे निर्मात्या कंपनीने ती प्रथा सोडली. टीपीएमच्या रचनाकारांनी म्हणूनच निराळ्या कामांसाठी निराळ्या तात्पुरत्या किल्ल्या वापरण्याची सोय ठेवली आहे. तेव्हा गरज नसताना जन्मदाखला मागणाऱ्या कार्यक्रमाला ‘कशासाठी?’ असे विचारण्याचा आपला हक्क आहे.

शिक्षकांना माझी एक सूचना आहे. शाळेच्या संगणक कक्षात, रीतसर परवानगी घेऊन, एका संगणकाचा दाखला विद्यार्थ्यांना काढून दाखवा. त्यावर निर्मात्याचे नाव शोधावयास लावा आणि सह्यांची साखळी शेवटपर्यंत चढू द्या. स्वतःच स्वतःवर सही केलेला मुख्य दाखला समोर आला की एखादा विद्यार्थी, ‘मग याच्यावर विश्वास का ठेवायचा?’ असे विचारीलच. त्या प्रश्नाला घाईने उत्तर देऊन तो मिटवू नका. ब्रनोच्या संशोधकांनी कोणाची गुप्त किल्ली चोरली नव्हती. सर्वांना दिसणाऱ्या जाहीर किल्ल्याच त्यांनी तपासल्या आणि त्यांचे मुख्य हत्यार होते शाळेत शिकवले जाणारे मूळ संख्यांचे गणित, फक्त बरेच पुढे नेलेले.