सुरुंग निघाले, पुढे काय?

काबूलच्या उत्तरेचे शोमालीचे मैदान पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षांसाठी प्रसिद्ध होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथून युद्धाची आघाडी गेली. १९९९ मध्ये तालिबानने घरे जाळली, वेली तोडल्या, पाण्याचे पाट उद्ध्वस्त केले. बांधाबांधांवर भूसुरुंग राहिले. शेत स्वतःचे, पण त्यात पाऊल टाकण्याची सोय उरली नाही.

२००१ नंतर सुरुंग काढणाऱ्या पथकांनी जमीन वीतवीत तपासून मोकळी केली. तरीही मोकळे शेत म्हणजे पिकते शेत नव्हे. नवी वेल फळास यायला तीन वर्षे जातात. तोवर कुटुंबाने जगावे कशावर? हायडी कून यांनी अमेरिकेत १९९७ साली स्थापन केलेल्या ‘रूट्स ऑफ पीस’ने हाच प्रश्न हाती घेतला. मातीच्या वरंब्यांवर लोळणाऱ्या वेली खांब व तारांवर चढवण्याची रीत संस्थेने शेतकऱ्यांना दाखवली. हवा खेळती राहिली आणि घड कमी कुजू लागले. त्यापुढे प्रतवारी, खोकी भरणे आणि परदेशी खरेदीदारांशी गाठ घालून देणे, हेही तिने आपले काम मानले. २०२३ मध्ये कून यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

अन्नछत्राने एक हंगाम निभावतो. गाव उभे राहते ते विश्वासू गिऱ्हाइकामुळे. अफगाणी मनुका आपल्या बाजारपेठांत आजही येतात. त्या मालाला दिलेला रास्त भाव आणि वेळेवर चुकता केलेला हिशेब, ही व्यापाऱ्याच्या हातून सहज घडणारी अनुकंपा होय.