नाव शोधायचं ते उपचारासाठीच

कोविडच्या काळात एक युक्तिवाद वारंवार ऐकू येई, आणि तो अजून विरलेला नाही. मूल तापाने फणफणलंय, डोळे लाल आहेत, अंगावर पुरळ आहे, सीआरपी चढलेलं आहे. मग कावासाकी म्हणा नाहीतर कोविडनंतर काही आठवड्यांनी मुलांना होणारा एमआयएस-सी म्हणा, द्यायचं तर इम्युनोग्लोब्युलिन आणि स्टेरॉइडच. नावाचा काथ्याकूट कशाला?

यातला एक भाग मला पूर्ण मान्य आहे. मूल खालावत असताना निदान पक्कं होईपर्यंत औषध अडवून ठेवणं अक्षम्य आहे. पण औषध लगेच सुरू करणं आणि निदानाचा शोध तिथेच सोडून देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीच्या आडोशाने दुसरी खपवली जाते, माझा विरोध त्याला आहे.

गोंधळ का झाला हे समजण्यासारखं आहे. २०२० च्या वसंतात इटलीतल्या बेर्गामोमध्ये दोन महिन्यांत कावासाकीसारख्या आजाराची १० मुलं आली. त्याआधीच्या पाच वर्षांत मिळून तिथे १९ आली होती. त्याच सुमारास लंडनमध्ये शॉकमध्ये गेलेली मुलं अतिदक्षता विभागात दाखल होऊ लागली. तोमिसाकू कावासाकी या जपानी बालरोगतज्ज्ञांनी १९६७ साली ५० मुलांच्या नोंदींवरून वर्णन केलेला आजार सगळ्यांना ठाऊक होता, म्हणून या नव्या आजाराला, म्हणजे एमआयएस-सीला, त्याचंच नाव चिकटलं.

पण नीट पाहिलं तर चेहरे वेगळे दिसतात. कावासाकीचं मूल बहुधा पाच वर्षांच्या आतलं. पाच दिवस न उतरणारा ताप, फुटलेले लाल ओठ, सुजलेली बोटं, आणि दुसऱ्या आठवड्यात नखांच्या कडेने सुटणारी साल. आपल्याकडे आणखी एक खूण मिळते, ती शर्टाची बाही वर केल्याशिवाय दिसत नाही: दंडावरचा बीसीजीचा जुना व्रण लाल होऊन सुजलेला. तान्ह्या मुलात ही खूण फार बोलकी असते. एमआयएस-सीचं मूल बहुधा शाळकरी वयाचं. कोविड होऊन दोन ते सहा आठवडे झालेले, आणि तो कोविड घरात कुणाच्या लक्षातही आलेला नसतो. पोट इतकं दुखतं की अपेंडिक्सच्या संशयाने काही मुलं थेट ऑपरेशन टेबलावर गेली. रक्तदाब पडतो, हृदयाचा पंप मंदावतो, प्लेटलेट घसरतात. कावासाकीत त्याच प्लेटलेट दुसऱ्या आठवड्यात वाढत जातात. सरमिसळ होतेच, एमआयएस-सीची काही मुलं कावासाकीचे सगळे निकष पूर्ण करतात. म्हणूनच एकेक लक्षण न मोजता आजाराचा क्रम पाहावा लागतो.

'अँटिबॉडी पॉझिटिव्ह आहे, म्हणजे एमआयएस-सीच' हा दुसरा युक्तिवाद तर मला धोकादायक वाटतो. आयसीएमआरच्या चौथ्या सेरो सर्वेक्षणात, जून-जुलै २०२१ मध्ये, ६ ते ९ वयोगटातल्या ५७.२ टक्के आणि १० ते १७ वयोगटातल्या ६१.६ टक्के मुलांमध्ये कोविडच्या अँटिबॉडी सापडल्या. म्हणजे त्या पावसाळ्यात डेंगीने आजारी पडलेल्या मुलाची चाचणीसुद्धा निम्म्याहून अधिक वेळा पॉझिटिव्हच आली असती. एमआयएस-सीप्रमाणे फेरिटिन डेंगीतही चढतं, प्लेटलेट डेंगीतही उतरतात. मात्र डेंगीत रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो, म्हणून मोजून मापून दिलेलं सलाइन जीव वाचवतं. एमआयएस-सीत हृदयच थकलेलं असेल, तर तेच सलाइन फुप्फुसांत पाणी भरतं. कावासाकीत दिली जाणारी अॅस्पिरिन डेंगीच्या मुलाला दिली तर रक्तस्रावाला आमंत्रण. आणि स्क्रब टायफस असेल, तर काखेत किंवा जांघेत दडलेली काळी खपली कुणी शोधलीच नाही म्हणून मूल साध्या डॉक्सिसायक्लिनला मुकतं. अशा वेळी 'उपचार एकच' हे म्हणणं कुठे टिकतं?

कावासाकी आणि एमआयएस-सी या दोन आजारांपुरतंही ते टिकत नाही. कावासाकीत इम्युनोग्लोब्युलिन हा पाया आहे. उपचार न मिळाल्यास सुमारे एक चतुर्थांश मुलांच्या हृदयधमन्यांना फुगवटे येतात; पहिल्या दहा दिवसांत ते दिलं तर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास येतं. एमआयएस-सीत चित्र इतकं स्पष्ट नाही. काही निरीक्षणांत दोन्ही औषधं एकत्र देणं सरस ठरलं, तर स्वित्झर्लंडमधल्या एका छोट्या चाचणीत नुसतं स्टेरॉइड आणि नुसतं इम्युनोग्लोब्युलिन यांत रुग्णालयातल्या मुक्कामाचा लक्षणीय फरक पडला नाही. वीस किलोच्या मुलाला इम्युनोग्लोब्युलिनचे ४० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या आठ बाटल्या लागतात. त्यासाठी दागिने गहाण टाकणाऱ्या आईबापांना हा फरक सांगणं डॉक्टरांचं कर्तव्य आहे.

अमेरिकेच्या सीडीसीने २०२३ पासून लागू केलेल्या व्याख्येत तर अंतिम निदान कावासाकी असेल, तर ते मूल एमआयएस-सीत मोजायचंच नाही, असं ठरवलं. रुग्ण मोजणाऱ्यांनासुद्धा हा भेद करावा लागला. बरं करणाऱ्यांनी तो टाळावा?

माझी मागणी साधी आहे. पहिल्या रात्री निदान ठरलं नसेल तर केसपेपरवर 'संशयित' असं स्वच्छ लिहा, औषध सुरू करा, आणि डेंगी, विषमज्वर, स्क्रब टायफसचे रिपोर्ट हाती येताच निदान पुन्हा तपासा. हृदयाचा इको एकदा करून थांबू नका. कधी कधी फुगवटा पहिल्या इकोत नसतो आणि नंतर दिसतो. डिस्चार्ज कार्डावर अंतिम निदान, पुढच्या इकोची तारीख आणि इम्युनोग्लोब्युलिन कधी दिलं ते लिहून द्या, कारण त्यानंतर अकरा महिने गोवर-रुबेलाची लस पुढे ढकलावी लागते आणि लसीकरण केंद्रावरच्या सिस्टरला हे त्या कार्डावरूनच कळणार आहे.