आधी रस्ता, मग यंत्रसारथी

चालकावाचून चालणारी मोटार ही आता कल्पित कथांतील वस्तू राहिलेली नाही. अमेरिकेतील फीनिक्स शहरात ऑक्टोबर २०२० पासून 'वेमो' कंपनीच्या गाड्या, स्टिअरिंगमागे कोणीही बसलेले नसताना, सर्वसामान्य उतारूंची भाड्याने ने-आण करीत आहेत. पुढे सॅन फ्रान्सिस्को व लॉस एंजेलिस येथेही त्या रुळल्या आणि मे २०२५ पर्यंत या कंपनीच्या सशुल्क फेऱ्यांची संख्या एक कोटीवर गेली. तिकडे हे घडत असता, केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री श्री. नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर येथे, अशा मोटारी आपण या देशात येऊ देणार नाही, असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. सत्तर-ऐंशी लाख चालकांच्या पोटावर पाय येईल, हे त्यांनी दिलेले कारण. एकीकडे असा उत्साह व दुसरीकडे असा नकार असताना, या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे अगत्याचे झाले आहे.

पुण्याला तर हा प्रश्न मुळीच परका नाही. आकुर्डी, पिंपरी व चाकण ही नावे मोटारधंद्याशी केव्हाच जोडली गेली आहेत. वाहनांची कसोटी घेणारी 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था याच शहरात वेताळ टेकडीवर आहे. समोरचे वाहन पाहून आपोआप ब्रेक लावणारी 'एडास' नामक साहाय्यक यंत्रणा २०२१ मध्ये चाकणच्या एक्सयूव्ही ७०० या मोटारीत आणि २०२३ मध्ये पिंपरीच्या हॅरियर व सफारी या मोटारींत आली. यंत्रसारथ्याचे अर्धे पाऊल आपल्या उंबरठ्यात पडलेलेच आहे.

शहरातील मोटारप्रेमींत याविषयी दोन सूर ऐकू येतात आणि नवल असे की, पुष्कळदा ते एकाच माणसाच्या तोंडून निघतात. पहिला सूर शंकेचा. ताम्हिणी किंवा वरंध घाटात एकेक वळण घेत गाडी चढविण्यातील आनंद ज्याने चाखला आहे, त्याला स्वतःच्याच गाडीत उतारू होऊन बसणे कमीपणाचे वाटते. पण शंका केवळ हौसेपोटी आलेली नाही. मध्येच दुचाकी आडवी घुसली की यंत्रणा कचकन ब्रेक लावते आणि मागून येणाऱ्याला त्याची कल्पना नसते. रस्त्यावरील पांढरे पट्टे पुसले गेले असतील तर गाडीने कोणत्या रेषेत राहावे हे यंत्राला उमगत नाही. म्हणूनच हजारो रुपये जादा मोजून घेतलेली ही सोय गावात शिरताच बंद करून टाकणारे वाहनधारक थोडे नाहीत.

दुसरा सूर आशेचा आहे आणि तोही तितकाच खरा आहे. मुंबईहून रात्री द्रुतगती मार्गाने परतताना डोळ्यांवर येणारी झापड कोणाला चुकली आहे? ज्यांची मुले परदेशी आहेत, नजर मंदावली आहे, हात कापू लागला आहे, अशा वृद्धांची संख्या या शहरात मोठी आहे. डॉक्टरकडे जाण्यासाठी कोणाच्या तोंडाकडे पाहावे न लागणे ही त्यांच्या दृष्टीने चैन नव्हे, ते स्वातंत्र्य आहे. अंध व अपंग बांधवांविषयी तर बोलावयासच नको. या आशेची टिंगल करण्याचे कारण नाही.

मात्र या चर्चेत शब्दांचा फार घोटाळा होतो. अभियंत्यांनी स्वयंचलनाच्या शून्यापासून पाचपर्यंत सहा पायऱ्या मानल्या आहेत. आपल्या बाजारात 'एडास'युक्त म्हणून ज्या मोटारी विकल्या जातात, त्या फार तर दुसऱ्या पायरीवर आहेत; म्हणजे यंत्र हात लावते, पण लक्ष व जबाबदारी पूर्णतः माणसाची. तिसऱ्या पायरीवर, ठरावीक मर्यादेत, माणसाने नजर काढून घेतली तरी चालते. तशी परवानगी जर्मनीत २०२१च्या अखेरीस मर्सिडीजला मिळाली, तीही महामार्गापुरती व ताशी ६० किलोमीटरपर्यंत. दिल्लीच्या मेट्रोची एक मार्गिका डिसेंबर २०२० पासून चालकाविना धावते हे खरे; परंतु मेट्रोच्या रुळांवर हातगाडी येत नाही.

हातगाडी कोठे येते हे पाहावयाचे असेल, तर गुलटेकडीच्या मार्केट यार्डाकडे पाहावे. पहाटेच्या प्रहरी परगावचे मालट्रक आवारात शिरत असतात, टेम्पो उलटे येत असतात, रिक्षा व दुचाकी मिळेल त्या फटीतून वाट काढीत असतात आणि या साऱ्यांच्या मधून हमाल ओझे वाहत असतात. पाठीवर पोते घेतलेल्या हमालाला मान वर करून पाहता येत नाही. त्याने इतरांना पाहावयाचे नसून इतरांनी त्याला पाहावयाचे, असा येथील अलिखित करार आहे. एखादी आरोळी, हाताचा इशारा, रिक्षावाल्याने चार बोटे पुढे सरकविलेले चाक, यांवर येथील सारी रहदारी चालते. बाहेर सातारा रस्त्याकडे किंवा गंगाधाम चौकाकडे वळले, तरी या रीतीत फारसा फरक पडत नाही. येथे वाहन हाकणारा मनुष्य नियमांपेक्षा माणसांच्या चेहऱ्यांकडे बघून चालतो. यंत्राला नियम शिकविता येतात; चेहरा वाचावयास कसे शिकवावयाचे?

ही शंका काल्पनिक नाही. १८ मार्च २०१८ रोजी अमेरिकेत टेम्पी या गावी 'उबर' कंपनीच्या चाचणीतील स्वयंचलित मोटारीखाली सापडून एक महिला मृत्यू पावली. ती रात्रीच्या वेळी पिशव्या लादलेली सायकल हाताने ढकलीत रस्ता ओलांडीत होती. पुढे झालेल्या अधिकृत तपासात दिसून आले की, धडकेपूर्वी साडेपाच सेकंदांहून अधिक काळ यंत्राला ती दिसत होती. परंतु ही वस्तू म्हणजे दुसरे वाहन, की सायकल, की आणखी काही, याविषयी त्याचे मत सारखे पालटत राहिले. कारण रस्ता ओलांडण्याची खूण नसलेल्या ठिकाणी मनुष्य पायी रस्ता ओलांडीत असेल, ही शक्यताच त्याच्या हिशेबात धरलेली नव्हती. सायकल ढकलणारी एक बाई ज्या यंत्राला ओळखता आली नाही, ते यंत्र डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईला, कांद्याची पोती लादलेली हातगाडी ओढणाऱ्याला काय म्हणून ओळखणार? गेल्या आठ वर्षांत यंत्रे पुष्कळ सुधारली आहेत यात शंका नाही. तथापि, डिसेंबर २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वीज गेली व सिग्नल विझले, तेव्हा 'वेमो'च्या कित्येक गाड्या चौकाचौकांत थिजून उभ्या राहिल्या. ज्या शहरात सिग्नल बंद पडणे ही बातमीसुद्धा होत नाही, त्या शहराने यावरून घ्यावयाचा तो बोध घ्यावा.

इतके म्हणून झाल्यावर मनुष्यचालकाची आरती ओवाळावी असे मात्र कोणी समजू नये. मार्केट यार्डापासून हाकेच्या अंतरावरील स्वारगेट आगारातून २५ जानेवारी २०१२ रोजी एका चालकाने एसटी बस पळविली आणि रस्त्यावरील नऊ जणांचे प्राण घेतले, हे पुणेकर विसरलेले नाहीत. २० नोव्हेंबर २०२२ रोजी नवले पुलाजवळ उतारावरून आलेल्या एका मालवाहू वाहनाने चाळीसहून अधिक वाहनांना तडाखा दिला. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरात भरधाव मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. केंद्र सरकारच्याच अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती व सुमारे १९ टक्के पादचारी. सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंच्या मुळाशी अतिवेग होता. यंत्र दारू पीत नाही, त्याला झोप येत नाही, ते शर्यत लावीत नाही. मोटारप्रेमींच्या शंकेला हे उत्तर पुरेसे नसेल. परंतु ते दुर्लक्षण्याजोगे खास नाही.

मग तोडगा कोणता? आमच्या मते वादाचा रोखच चुकीच्या जागी आहे. यंत्र शहाणे झाले आहे की नाही, यावर आपण वाद घालतो. रस्ता शहाणा आहे की नाही, हे विचारीत नाही. स्वयंचलित मोटारीला काय हवे असते? ठसठशीत पट्टे, वाचता येणारे फलक, न विझणारे सिग्नल, खड्डे व अडथळे नसलेली वाट आणि पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी, सलग जागा. ही यादी नीट वाचली तर ध्यानात येईल की, पुण्याचा पादचारी नेमके हेच वर्षानुवर्षे मागत आला आहे. महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण संमत केले. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिनही साजरा होतो. वर्षाचे उरलेले ३६४ दिवस पादचाऱ्याने कोठे चालावे, याचे उत्तर मात्र मिळालेले नाही. ज्या रस्त्यावर यंत्राला निर्धास्त चालता येईल, त्याच रस्त्यावर शाळकरी मुलालाही निर्धास्त चालता येईल. मोटारप्रेमींची आशा व पादचाऱ्यांचे गाऱ्हाणे ही दोन्ही एकाच दारावर जाऊन थडकतात, आणि ते दार महापालिकेचे आहे.

येथे एक धोका वेळीच ओळखला पाहिजे. यंत्रासाठी रस्ता नीट करावयाचा, याचा सोपा अर्थ असा लावला जाईल की, यंत्राला न समजणारी माणसेच रस्त्यावरून हटवावीत. हातगाडी नको, पाटीवाली नको, सायकल नको. हे भय निराधार नाही. १९२०च्या दशकात अमेरिकेत मोटारींचा सुळसुळाट झाला, तेव्हा मोटारव्यावसायिकांच्या प्रयत्नांनी, पूर्वापार रस्त्यावरून चालत आलेला मनुष्यच कायद्याने दोषी ठरला. मार्केट यार्डातील हमालांनी माणुसकीची वागणूक भीक मागून मिळविलेली नाही. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी संघटना उभारली, झगडा केला. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कामगारांसाठी कायदा केला तो अशाच श्रमिकांच्या चळवळींमुळे. त्यांच्या पाठीवरचे ओझे यंत्राने उतरविले तर आनंदच आहे; परंतु त्यांच्या पायाखालचा रस्ता काढून घेण्याचा अधिकार कोणत्याही यंत्राला नाही.

दुसरा प्रश्न उत्तरदायित्वाचा. टेम्पीच्या अपघातात शिक्षा झाली ती देखरेखीसाठी आसनावर बसविलेल्या पगारी स्त्रीला. कंपनीवर फौजदारी आरोपच ठेवला गेला नाही. तिचे लक्ष रस्त्यावर नव्हते हे खरे, पण यंत्र घडविणारे नामानिराळे राहिले हेही तितकेच खरे. ब्रिटनने २०२४ साली केलेल्या स्वयंचलित वाहन कायद्यात, यंत्र स्वतः गाडी चालवीत असता घडलेल्या गुन्ह्याचे खापर आत बसलेल्या माणसावर फोडता येणार नाही. त्यासाठी परवानाधारक संस्था उत्तरदायी राहील, असे तत्त्व स्वीकारले. आपला मोटार वाहन कायदा १९८८चा. २०१९च्या दुरुस्तीने संशोधन व नवोपक्रमांसाठी काही वाहनांना सूट देण्याचा अधिकार केंद्राने घेतला खरा. परंतु सूट कोणाला द्यावी हे ठरविण्याआधी दोष कोणाचा हे ठरले पाहिजे. अर्जुनाचा सारथी श्रीकृष्ण होता आणि कर्णाचा शल्य. सारथी कोणाच्या हिताचा, यावर रथात बसलेल्याचे दैव ठरते, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको.

राहिला रोजगाराचा मुद्दा. श्री. गडकरी यांची कळकळ आम्ही जाणतो. तथापि, देशात सुमारे २२ लाख चालकांचा तुटवडा आहे, असेही त्यांनीच वेळोवेळी सांगितले आहे. १९६०च्या दशकात आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध मोठा लढा दिला. आज विम्याचे कोणते कार्यालय संगणकावाचून उघडते? 'येऊ देणार नाही' हे धोरण नव्हे, ती केवळ मुदतवाढ आहे. त्या मुदतीचा उपयोग चालकांचे प्रशिक्षण, त्यांच्या कामाचे तास व विश्रांती आणि पर्यायी उपजीविका यांसाठी होणार असेल तर ती योग्य. हातावर हात ठेवून बसण्यासाठी होणार असेल तर ती चालकांचीच फसवणूक ठरेल.

आमच्या मागण्या साध्या आहेत. महापालिकेने व वाहतूक पोलिसांनी मार्केट यार्डाच्या परिसरापासून प्रारंभ करावा: अवजड वाहनांच्या वेळा काटेकोर पाळाव्यात, हातगाडी व पादचारी यांची वाट आखून ती मोकळी ठेवावी, पट्टे पुसताच पुन्हा मारावेत. 'एडास'ची मोटार विकणाऱ्याने यंत्रणेच्या मर्यादा ग्राहकाला मराठीत समजावून दिल्यावाचून किल्ली हाती देऊ नये. वाहन परवान्याच्या परीक्षेतही हा विषय यावा. सार्वजनिक रस्त्यांवर चालकविरहित मोटारीची चाचणी होण्यापूर्वी उत्तरदायित्वाचा कायदा व्हावा, आणि चाचण्यांतील प्रत्येक अपघाताची माहिती लोकांसमोर ठेवली जावी.

मोटारप्रेमींनी या मागण्यांत पादचाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावावा, अशी आमची त्यांना विनंती आहे. घाटातील वळणांचा आनंद त्यांच्याकडून कोणी हिरावून घेणार नाही. परंतु यंत्रसारथी उद्या पुण्यात येवो अथवा वीस वर्षांनी येवो, पाठीवर पोते घेऊन मान खाली घातलेला हमाल आजही रस्ता ओलांडीत आहे. त्याला सुखरूप पलीकडे जाता येणे, हीच या शहराच्या रस्त्यांची खरी कसोटी आहे. आणि तीत उतरण्यासाठी कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहण्याचे कारण नाही.