अध्यापकाने वर्गाबाहेर बोलावे काय?

प्राध्यापकाने वर्गात शिकवावे, उत्तरपत्रिका तपासाव्यात आणि सार्वजनिक वादांपासून चार हात दूर राहावे, असे मानणारे लोक आपल्या समाजात थोडे नाहीत. वृत्तपत्रात लिहिणारा अध्यापक त्यांच्या लेखी प्रसिद्धीला हपापलेला असतो आणि चळवळीत दिसणारा तर अभ्यासाला मुकलेलाच. ही समजूत पारखून घ्यावयाची असेल, तर दिल्ली विद्यापीठात फौजदारी कायदा शिकविणाऱ्या डॉ. लोतिका सरकार यांच्या कारकीर्दीकडे पाहावे.

त्यांच्या विद्वत्तेविषयी शंका घेण्यास जागा नव्हती. केंब्रिजमधून कायद्याची डॉक्टरेट मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. दिल्लीच्या कायदा विभागात शिकविणाऱ्याही पहिल्याच. १९७१ साली केंद्र सरकारने स्त्रियांच्या स्थितीविषयी समिती नेमली, तिच्या त्या सदस्य होत्या. १९७४ च्या अहवालाला वीणा मजुमदार यांच्यासह त्यांनी भिन्नमतपत्रिका जोडली आणि विधिमंडळांत स्त्रियांसाठी राखीव जागा असाव्यात, असे स्पष्टपणे मांडले. बहुमताच्या ओघात वाहून जाण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

तथापि या कारकीर्दीचा खरा कस लागला तो महाराष्ट्रातील एका खटल्यात. मार्च १९७२ मध्ये त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन, पोरक्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. सत्र न्यायालयाने १९७४ साली आरोपींना सोडून दिले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली त्यांना दोषी ठरविले. आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची पुन्हा निर्दोष मुक्तता केली. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, अर्थी तिने प्रतिकार केला नाही, म्हणजे तिची संमती होती, असा या निकालाचा साधारण आशय होता. हाच तो मथुरा खटला.

असे निकाल कायद्याच्या ग्रंथांत छापले जातात, विद्यार्थी ते पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. या निकालाचे तसे झाले नाही. १९७९ च्या सप्टेंबरात चार जणांनी सरन्यायाधीशांना एक जाहीर पत्र लिहिले. त्यांपैकी उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार हे कायद्याचे अध्यापक होते, तर वसुधा धागमवार पुण्याच्या होत्या. पत्रातील मुद्दा कोणत्याही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कळेल असा होता. संमती देणे निराळे आणि भीतीने शरण जाणे निराळे. रात्रीच्या वेळी, दार बंद केलेल्या पोलीस ठाण्यात, वर्दीतील माणसापुढे एका मजूर मुलीने आरडाओरडा केला नाही, याचा अर्थ ती राजी होती, असा कसा लावावयाचा? स्त्रियांना जबाबासाठी पोलीस ठाण्यात बोलावू नये, हे याच न्यायालयाने एप्रिल १९७८ मध्ये नंदिनी सत्पथी खटल्यात बजावले होते, याचेही स्मरण त्यांनी करून दिले.

हे पत्र कायद्याच्या नियतकालिकात छापले गेले, वृत्तपत्रांनी ते उचलून धरले आणि ८ मार्च १९८० रोजी ठिकठिकाणी स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. फेरविचाराची मागणी मात्र मान्य झाली नाही. सुटलेले पोलीस सुटलेलेच राहिले आणि त्या मुलीच्या पदरात काहीच पडले नाही, हे कटू सत्य नमूद करावयास हवे. परंतु १९८३ साली संसदेने कायदा बदलला. कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र, अधिक गंभीर गुन्हा ठरला. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असा दंडक झाला. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती मानता येणार नाही, हे वाक्य कायद्यात यावयास मात्र २०१३ साल उजाडले. त्याच वर्षी फेब्रुवारीत लोतिका सरकार यांचे निधन झाले. एका साध्या तर्काला कायद्याच्या पुस्तकात जागा मिळण्यास चौतीस वर्षे लागली!

१९८१ साली आग्र्याच्या स्त्री-संरक्षणगृहातील अमानुष परिस्थितीची हकीकत वृत्तपत्रात आली, तेव्हा बक्षी आणि सरकार यांनी पुन्हा पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. बातमीदाराने पाहिले, अध्यापकांनी त्याला कायद्याची भाषा दिली आणि न्यायालयाने दखल घेतली. या साखळीतील कोणतीही कडी गळाली असती, तर त्या स्त्रिया तशाच खितपत पडल्या असत्या.

अध्यापकाने पक्ष घेऊ नये, या आक्षेपात तथ्याचा अंश आहे. अभ्यासाविना केलेली घोषणाबाजी अध्यापकाला शोभत नाही. परंतु या पत्राचे बळ आवेशात नव्हते, ते वर्गात वर्षानुवर्षे घासून घेतलेल्या विचारात होते. महाराष्ट्राला हे नवे वाटण्याचे कारण नाही. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकविणारे आगरकर ‘सुधारक’ही चालवीत होते, एका कामाने दुसऱ्याला उणेपणा आला, असे कोण म्हणेल?

अर्थशास्त्राच्या वर्गात सार्वजनिक हिताच्या वस्तूचे उदाहरण म्हणून आम्ही दीपगृह सांगतो. त्याचा प्रकाश सर्व जहाजांना मिळतो, पण त्याचे बिल प्रत्येक जहाजाकडून वसूल करता येत नाही. जाणकाराच्या सार्वजनिक शब्दाचेही तसेच आहे. बढतीच्या अर्जात शोधनिबंधांची मोजदाद होते. सामान्य वाचकासाठी लिहिलेल्या लेखाला तेथे फारशी किंमत नसते. म्हणून असा शब्द नेहमीच कमी पडतो आणि त्याची झळ ज्याला वकील परवडत नाही त्याला बसते. विद्यापीठांनी आपली मोजमापे जरूर सुधारावीत. पण तोवर थांबण्याचे कारण अध्यापकाला नाही. त्या चौघांनीही ते पत्र कोणाला विचारून लिहिले नव्हते.