डेप्रिकेट, निषेध आणि 'बघा बुवा'

हापिसात रोज दिसणारा आणि रोज दुर्लक्षित होणारा शब्द कुठला? माझं उत्तर : 'डेप्रिकेटेड'. बिल्ड करताना येतो बिचारा. आपण म्हणतो, वॉर्निंगच आहे ना, एरर नाही ना? मग चालतंय की!

मराठीत त्याला सर्रास 'कालबाह्य' म्हणतात. मला हे पटत नाही. कालबाह्य म्हणजे ज्याची वेळ होऊन गेली ते. डेप्रिकेट केलेली गोष्ट तर चालू असते; फक्त "बाबांनो, हे वापरू नका" असं सांगून ठेवलेलं असतं. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ प्रार्थना करून संकट टाळणं. आमच्या अलिबागकडे नारळी पौर्णिमेला कोळी मंडळी दर्याला नारळ देऊन 'शांत हो' म्हणतात ना, अगदी तसं. ('डेप्रिशिएट' म्हणजे घसारा, तो वेगळा. सीए मित्रांनी नोंद घ्यावी.)

मग 'निषेध' म्हणावं? तेही नाही. हिंदीत 'धूम्रपान निषेध' म्हणजे बंदी. आपल्याकडे तो अर्थ 'विधिनिषेध'मध्ये तेवढा उरलाय. एरवी निषेध म्हणजे मोर्चा, घोषणा, काळ्या फिती. निषेधाची ताकद अलिबाग तालुक्यातल्या चरीने दाखवली. खोतीविरुद्ध नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ संप केला, जमिनी कसल्याच नाहीत. डेप्रिकेट त्याच्या बरंच अलीकडे थांबतं. नापसंती आहे, पण तुमचा हात धरलेला नाही.

आणि आपण नेमका तिथेच घोळ घालतो. जावामध्ये थ्रेड थांबवणारी 'स्टॉप' मेथड १९९८ मध्ये डेप्रिकेट झाली. थ्रेड असा मध्येच मारला की त्याच्याकडची कुलुपं सुटतात आणि अर्धवट बदललेला डेटा इतरांच्या हाती लागतो. २०२३ च्या जावा २० पासून ती मेथड थेट एक्सेप्शन फेकू लागली. म्हणजे पंचवीस वर्षं नुसती विनवणी! बरं, नीट केलेल्या डेप्रिकेशनमध्ये 'याऐवजी काय वापरा' हेही लिहिलेलं असतं. वाचतो कोण?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने आमच्या वाडीतले निम्मे माड-पोफळी झोपवले. तेव्हापासून दादाचं आणि माझं वाडी विकायचं चाललंय. बाबा ऐकून घेतात आणि म्हणतात, "बघा बुवा. सही लागेल तिथे करीन. पण मला विचाराल तर विकू नका."

पुण्याला परतताना मी दादाला म्हणालो होतो, "बाबांचा विरोध नाहीये."

एरर नाही, वॉर्निंग!

गेल्या शनिवारी पहिल्यांदाच विचारलं, "बाबा, मग याऐवजी काय करू या?" ते उठले आणि आतून वही घेऊन आले. वादळानंतर लावलेल्या प्रत्येक पोफळीची नोंद होती. कुठल्या ओळीत किती, जगल्या किती, मेल्या किती. "ही दोनेक वर्षांत धरतील. तोवर वाडी खंडाने द्या. घर आणि विहीर तेवढी आपल्याकडे ठेवा."

उत्तर वहीत तयार होतं. आम्ही विचारलं नव्हतं इतकंच.

वाडीचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. पण 'विरोध नाहीये' हे माझं वाक्य मात्र मी दादाला फोन करून मागे घेतलंय.